"‘चिथावले’ असं टाका"

"‘चिथावले’ असं टाका," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, आणि टकटकनं टाकलं.

शब्द कानात नीट शिरायच्या आतच तो बोटांतून पडद्यावर उतरला होता. सतरा वर्षांची सवय. चौकशी साहेबांची, जबाब साक्षीदाराचा, बोटं टकटकची. ह्या बोटांवरूनच तिला ते नाव पडलं होतं. समोर की-बोर्ड नसला तर ती बसच्या दांड्यावर चालायची, मांडीवर चालायची, भाजी निवडताना ताटाच्या काठावर चालायची. "हिच्या बोटांत मुंग्यांचं वारूळ आहे," असं सासूबाईंनी लग्नाच्या चौथ्याच दिवशी जाहीर केलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. टकटकला स्वस्थ बसणं म्हणजे शिक्षा. पण ऑफिसात तिची ही अस्वस्थता पगारी होती, त्यामुळे कुणी नाव ठेवत नसे.

ह्या वेळची चौकशी मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात होती. कपाटांच्या खोलीत, चादरींच्या उतरंडींमध्ये एक टेबल घुसवलं होतं. भिंतीपलीकडे मशीन धडधडत होतं आणि ओल्या सुती कापडाचा उबट वास अंगाला चिकटत होता. समोरच्या खुर्चीत चादरींच्या घड्या घालणारी बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची, नोकरीला जेमतेम चार महिने झालेली. हातातल्या रुमालाचीही तिनं चार वेळा घडी घातली होती.

"परत सांग. त्या दिवशी काय झालं?" साहेब म्हणाले.

"पंखा बंद होता ना साहेब, वाफ बाहेर ओढणारा. नऊ दिवस. ट्रॉली ओढते ती भोवळ येऊन पडली. आम्ही सगळ्या गोळा झालो. तर ताई म्हणाल्या, हिला उचला आणि सगळ्या बाहेर व्हा, मी रोलर बघते. मग आम्ही बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. दीड तास."

"म्हणजे तिनं तुम्हाला चिथावलं."

"म्हणजे... म्हणाल्या तसं."

"तेच ते." साहेब टकटककडे वळले. "‘सदर कर्मचारी हिने मला व इतर सतरा जणींना काम सोडून बाहेर जाण्यास चिथावले.’ काढा प्रिंट."

"साहेब, ते रोलर बघते म्हणाल्या ते?" टकटकनं विचारलं.

"ते नको. पसारा होतो."

साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. डब्यातली लोणच्याची फोड टकटकला द्यायचे, सर्दी झाली की गोळीही द्यायचे. पण त्यांना अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. त्या दीड तासात शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या स्वच्छ चादरी संपल्या होत्या आणि दोन ऑपरेशनं पुढं ढकलावी लागली होती. आता कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणं भाग होतं. ताई, म्हणजे इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर तेवीस वर्षं उभी राहिलेली बाई, तीन आठवडे कामावरून दूर होती. ‘चिथावले’ सिद्ध झालं की कायमची घरी.

घडीवालीनं न वाचता सही केली. कुणीच वाचत नसे. प्रत्येक जबाबाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असायची: ‘वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ ती ओळ टकटकनं पहिल्या वर्षी एकदाच टाइप केली होती, त्यानंतर ती आपोआप येत होती. वाचून दाखवायला वेळ कुणाला होता? दुसरी बाई आली, तिसरी आली. पहिला जबाब उचलायचा, नाव बदलायचं, वय बदलायचं. दुपारपर्यंत सहा जणींना चिथावून झालं.

चहाच्या सुट्टीत टकटक पाण्याची बाटली भरायला बाहेर आली. व्हरांड्यातल्या बाकावर रोलरवाली बसली होती. चौकशी संपेपर्यंत तिनं रोज येऊन तिथं बसायचं, पण उंबरा ओलांडायचा नाही, असा हुकूम होता. दणकट हाताची, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने फिकट चट्टे असलेली.

"बाई, तुम्हीच का लिहिता सगळं?"

"मी फक्त टाइप करते."

"मग सांगा की, माझ्या नावापुढं काय लावलंय?"

खरं म्हणजे सांगायचं नसतं. पण टकटकच्या बोटांसारखीच तिची जीभही. "चिथावले," ती म्हणाली.

रोलरवालीनं तो शब्द तोंडात घोळवला. कडू गोळी गिळावी की थुंकावी असं बघतात तसा. "ऐकलाय मी. पण म्हणजे मी नेमकं काय केलं असं होतं त्यात?"

टकटकनं दोनशे-अडीचशे वेळा तरी टाकला असेल शब्द. कारखान्यातल्यांनी चिथावलं होतं, गोदामातल्यांनी चिथावलं होतं, बसच्या आगारात तर एका चालकानं अख्ख्या पाळीला चिथावलं होतं. अर्थ सांगायची वेळ कधी आली नव्हती. वाढप्याला कोण विचारतं, मीठ किती टाकलं म्हणून?

तिनं विषय बदलला. "तुम्ही आत का थांबलात? सगळ्या बाहेर, तुम्ही आत."

"अहो, तापलेला रोलर थांबवला तर त्यावरचं अस्तर जळतं. आच बंद करायची आणि थंड होईस्तोवर फिरता ठेवायचा. पाऊण तास तरी. कुणीतरी उभं राहायलाच लागतं ना!"

"त्या वाफेत? एकट्या?"

"ओलं फडकं घेतलं डोक्यावर. दोनदा डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा दांडा धरून बसले." ती हसली. "बाहेर जाऊन मीही बसले असते, तर मला काय लावलं असतं? ‘पळाली’?"

उरलेली दुपार टकटकनं फाइली लावण्यात काढली आणि चार कागद उलटे लावले.

संध्याकाळी घरी सासूबाई शब्दकोड्यावर वाकल्या होत्या. आयुष्यभर शिवणाच्या मशीनवर बसलेल्या ह्या बाईनं म्हातारपणी शब्दांशी सोयरीक जमवली होती. कोडं सुटेपर्यंत घरात कुणी मोठ्यानं शिंकायचंही नाही. टकटक शेंगा सोलत बसली. सोलल्या कमी, ताट वाजवलं जास्त.

"आई, ‘चिथावणे’ म्हणजे काय हो नेमकं?"

"ते चार अक्षरी. मला इथं तीन पाहिजेत."

"कोड्यासाठी नाही. सहज."

"सहज म्हणते आणि तबला वाजवते." सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "फूस लावणं, उचकवणं, भरीला घालणं, कान भरणं, काडी लावणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. झालं समाधान?"

"सगळ्यांचा अर्थ एकच?"

"एकच असता तर इतके शब्द कशाला लागले असते? हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा गोड बोलतो. कान भरणारा हळू बोलतो. काडी लावणारा बोलतच नाही, लावतो आणि सटकतो. आणि चिथावणारा," त्यांनी पेन्सिल टकटकवर रोखली, "तो दुसऱ्याला पुढं करतो आणि आपण कोरडा राहतो. मार खायचा तो पुढच्यानं."

"आणि जो स्वतःच मार खातो, तो?"

"त्याला चिथावणारा कसं म्हणशील? त्याला फार तर मूर्ख म्हणतात." त्या थांबल्या. कोड्यावर कागद ठेवला, म्हणजे आता गोष्ट येणार. "तुझ्या सासऱ्यांना नोकरी सोडायला मीच लावली होती, ठाऊक आहे? म्हटलं, दुसऱ्याचे रेडिओ किती दिवस दुरुस्त करणार, टाका स्वतःचं दुकान. दुकान चाललं तेव्हा पाहुण्यारावळ्यांना सांगायचे, मी धाडस केलं. आणि बसलं तेव्हा? ‘हिनं मला चिथावलं!’ अगं, मी बोलले ते एकदाच, एकच वाक्य. चाललं तेव्हा त्यात मी नव्हतेच, आणि बुडालं तेव्हा सगळी मीच! ते जसे काही खांद्यावर बसवून नेलेलं बाळ."

आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. "कुणाचं काय चाललंय? हे बघ, तू असल्या भानगडीत पडू नको. पुढच्या महिन्यात कंत्राट नवं व्हायचंय तुझं. अकरा महिन्यांचा प्रश्न आहे, आणि शेरा त्याच साहेबांचा लागतो."

"तो तुला बसवतोय," सासूबाई टकटकला म्हणाल्या. "ह्यालाही एखादा शब्द असेल, बघते." आणि त्यांनी चष्मा खाली घेतला.

टकटकला मात्र बसवेना. ती उठली, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. चिथावणारा कोरडा राहतो. मग ओलं फडकं डोक्यावर घेऊन पाऊण तास वाफेत उभी असलेली बाई कोण? आणि बाहेर पायऱ्यांवर बसलेल्या अठरा जणी? त्यांना काय पाय नव्हते, डोकी नव्हती? तिच्याच हातांनी सहा कागदांवर त्या अठरा जणींना खांद्यावरची बाळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच नंबराला शिवणवाली आजी आली. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, निवृत्तीला वर्षभर उरलं होतं, आणि धुलाईघरात मुकादमसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा. खुर्चीत बसायच्या आधी तिनं खुर्चीचा पाय हलतो का ते तपासलं.

"आजी, थोडक्यात सांगा," साहेब म्हणाले.

"थोडक्यात? पंखा मेला, ट्रॉलीवाली पडली, आम्ही उठलो. ह्याहून थोडकं तुम्हीच करून दाखवा."

"रोलरवाली म्हणाली म्हणून उठलात ना?"

"ती म्हणाली, हो. ती रोलर फिरवत आत राहिली, तेही लिहा."

साहेबांचा फोन वाजला. पडद्याकडे बघून त्यांनी तोंड वाकडं केलं, फोन तसाच वाजू दिला आणि टकटकला खूण केली. "कालच्यासारखं टाका." मग फोन उचलला. "हो सर, शुक्रवारी नक्की..."

टकटकनं कालचा कागद उघडला. नाव बदललं. वय टाकलं: सत्तावन्न. प्रिंटर घरघरला. कागद गरम गरम हातात आला आणि तिची नजर तळाच्या ओळीवर गेली. वाचून दाखवला. तिची बोटं, देवाशपथ, पहिल्यांदाच गप्प होती.

"आजी," ती म्हणाली, "सही करायच्या आधी वाचून दाखवते."

"दाखव की. मला काय घाई आहे?"

टकटकनं वाचलं. सुरुवातीला तिचा आवाज फाइलीतल्यासारखाच निघाला, कोरडा. "‘...सदर कर्मचारी हिने मला व इतर सतरा जणींना काम सोडून बाहेर जाण्यास चिथावले.’"

"काय केलं?"

"चिथावले."

"कुणाला? मला?" आजी खुर्चीत सरळ झाली. "अगं बाई, नवरा तीस वर्षं मला सकाळी लवकर उठवू शकला नाही, तो थकला आणि वर गेला! मला कोण चिथावतंय? ट्रॉलीवाली माझ्या पायाशी पडली होती. तिचे ओठ निळे झालेले मी बघितले. रोलरवाली काही बोलली नसती तरी मी उठलेच असते. उलट ती बोलायच्या आधीच माझी सुई खाली ठेवून झाली होती. हे असलं लिहिलंय? खोडा ते!"

साहेबांनी फोनवर हात ठेवला. "काय चाललंय?"

"जबाब वाचून दाखवत होते, साहेब."

"कशाला?"

"कागदावर तसं लिहिलंय म्हणून."

दारात गर्दी झाली. धुलाईघराच्या भिंती पातळ आणि आजीचा आवाज जाड. कालच्या सहांपैकी दोघी-तिघी माना पुढं काढून उभ्या होत्या. "माझ्या कागदात पण तसंच आहे का हो, बाई?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "मी तर रोलरचं सांगितलं होतं. आलंय का त्यात?" साहेबांनी सगळ्यांना हात जोडून बाहेर काढलं, आजीला हात जरा जास्त वर जोडले, आणि दार लावलं.

"बाई," ते बसून म्हणाले, "तुम्ही काय केलंत, कळतंय का? साक्षीदारांना चिथावताय तुम्ही. ह्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे ना?"

"सतरा वर्षं टाइप करतेय, साहेब. काल पहिल्यांदा विचारला."

"मस्करी नको."

"नाही करत." तिनं आजीचा कागद टेबलावर सरळ केला. "मी तिला तिचंच बोलणं वाचून दाखवलं. ते तिचं नव्हतं म्हणून ती चिडली. त्यात माझं काय?"

"सतरा वर्षांत कधी दाखवलं नव्हतं!"

"नव्हतं. ते चुकलंच माझं."

साहेब उठले, चादरींच्या उतरंडीपर्यंत गेले, परत आले. "दोन पेशंट उपाशीपोटी आत नेऊन परत आणले. त्यातल्या एकीचा नवरा रोज माझ्या दारात येऊन बसतो. शिव्या देत नाही, बसतो नुसता. त्याला काय सांगू मी? पंख्याला जबाबदार धरलंय म्हणून?"

"पंख्यासाठी दिलेले तीन अर्ज आहेत फाइलीत. तारखेनिशी. मीच टाचलेत ते."

"मला ठाऊक आहे." ते चिडून म्हणाले. मग थोड्या वेळानं, न चिडता, "मला ठाऊक आहेत."

पलीकडे मशीन धडधडत होतं. टकटकला पुढचे अकरा महिने डोळ्यांपुढं दिसत होते, एकेक गळणारे. शेवटी साहेबांनी आपल्या पुढ्यातल्या सहा सह्या झालेल्या कागदांचा गठ्ठा उचलला, हातावर तोलला आणि आडवा फाडायला गेले. कागद जाड निघाला, फाटेना. त्यांनी तो टकटककडे सरकवला. "रद्द असा शिक्का मारा. सगळ्यांना परत बोलवा. तुमच्यामुळे शुक्रवार बुडाला, एवढं लक्षात ठेवा."

दोन दिवस टकटकनं अठरा जणींचं बोलणं बोलल्यासारखं टाइप केलं. काय काय निघालं त्यातून! एकीनं सांगितलं, मी ताईंच्या बोलण्याकडं लक्षच दिलं नाही, मला तहान लागली होती म्हणून गेले. दुसरी म्हणाली, सगळ्या निघाल्या, मी एकटी राहून काय करणार होते, भुतासारखी? तिसरीनं कबूल केलं की ताई नसत्या म्हणाल्या तर ती घाबरून तिथंच थांबली असती, आणि कदाचित तीच दुसरी पडली असती. साहेब मध्येच "थोडक्यात" म्हणायचे आणि स्वतःच गप्प व्हायचे. प्रत्येक जबाब टकटक शेवटी मोठ्यानं वाचायची. बायका मान डोलवायच्या, मध्येच अडवायच्या. "‘गेलो’ नाही, ‘पळालो’ टाका." "‘दीड तास’ नका टाकू, एक तास वीस मिनिटं, मी घड्याळ बघितलं होतं."

सगळ्यांत शेवटी घडीवाली आली. हातात तोच रुमाल.

टकटकनं तिचा जुना, रद्द झालेला कागद वाचून दाखवला. मग विचारलं, "ह्यात बदल?"

घडीवालीनं मान हलवली. "तसंच राहू दे."

"तू तर म्हणाली होतीस, त्या म्हणाल्या, सगळ्या बाहेर व्हा, मी..."

"आता म्हणते, चिथावलं." तिनं वर पाहिलं नाही. "मला चार महिने झालेत, बाई. आणखी दोन झाल्यावर पक्की करतात. मी माझ्या मनानं उठले असं लिहिलं तर मला कोण ठेवेल? आजीचं बरं आहे, त्या चालल्यात घरी. मी चिथावलेलीच बरी."

टकटकला त्या पोरीचे खांदे धरून गदगदा हलवावंसं वाटलं. अगं, बोल की! तुझ्यासाठी तिनं वाफ खाल्ली! वाक्य दातांपर्यंत आलं होतं, फक्त ओठ उघडायची खोटी. साहेब तिच्याकडे बघत होते, जणू त्यांनाही बघायचं होतं, ही आता काय करते. घडीवालीनं रुमाल पाचव्यांदा दुमडला. त्याची आता सुपारीएवढी घडी झाली होती, आणखी दुमडायला जागाच नव्हती.

टकटकनं ओठ आवळले. ‘त्यांनी मला चिथावले’ असं टाइप केलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पेन पुढं केलं. घडीवालीनं सही केली आणि जाताना दार इतकं हळू लावलं की आवाजच झाला नाही.

अहवाल सोमवारी झाला. साहेब येरझारा घालत सांगत होते, टकटक टाकत होती. निष्कर्षापाशी ते अडले. "‘सदर कर्मचारी हिने सहकाऱ्यांना...’ काय टाकायचं हो?"

"ते तुम्ही सांगायचं, साहेब. मी टाइप करते."

त्यांनी तिच्याकडे एक जळजळीत कटाक्ष टाकला. आणखी दोन फेऱ्या मारल्या. "टाका. ‘सहकाऱ्यांना बाहेर जाण्यास सांगितले व यंत्र थंड होईपर्यंत स्वतः आत थांबली. वरिष्ठांना कळवले नाही, ही चूक. समज देऊन कामावर घ्यावे.’ पुढं पंख्याचं टाका. तारखा बघून टाका." मग खिशातून दुसरा कागद काढून तिच्या पुढ्यात ठेवला. तिचं कंत्राट. अकराच्या जागी तीन महिने लिहिलं होतं. "सध्या एवढंच," ते म्हणाले. टकटकनं तो कागद दोनदा वाचला, तिसऱ्यांदा वाचायचं टाळलं आणि सही केली.

व्हरांड्यात रोलरवाली अजून बाकावरच होती. टकटकनं तिला सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. तिनं ऐकून घेतलं, डोळे पुसले, मग विचारलं, "म्हणजे आता आत जाऊ?"

"वरची सही व्हायचीय. संध्याकाळपर्यंत होईल, किंवा उद्या."

"अजून उद्या!" ती उठली, बसली, परत उठली. दारापाशी गेली आणि उंबऱ्याच्या अलीकडे थबकली. आत तिच्या जागेवर कुणीतरी दुसरीच उभी होती. रोलरमधून चादर निघत होती ती तिरकी, एका कडेला चुण्या धरून. नवा पंखा घूं घूं करत होता.

"अगं ए!" रोलरवाली ओरडली. "कड धर आधी, कड! दोघी दोन बाजूंनी ताणा. घडीवाले, तू उजवीकडं ये. नुसती बघतेस काय, ये!"

घडीवाली दचकली. क्षणभर ती जागची हलली नाही. मग उजवीकडं गेली, चादरीची ओली कड दोन्ही हातांनी धरली आणि ताणली.